परदेशात नोकरी, राहायला पंचतारांकित हॉटेल, आणि जीव वरणभातात

भडंगवाला | १९ जून, रात्री ११:४०

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

तर मी ३ जूनला दुबईत आलो, नवीन नोकरी. कंपनीने तीस दिवसांचं हॉटेल दिलंय आणि ते चक्क फाईव्ह स्टार आहे, शेख झायेद रोडवर, सत्ताविसावा मजला. मला वाटलं काय आपली किंमत केली राव कंपनीने. मग ऑफिसातल्या एका मल्याळी मित्राने फुगा फोडला, म्हणाला जूनमध्ये इथे भट्टी असते, टुरिस्ट कोण येणार, म्हणून उन्हाळ्यात हे रेट निम्म्यावर येतात, तुला डिसेंबरात बोलावलं असतं तर बघितलं असतंस कुठे ठेवलं असतं ते.

असो. पहिले चार दिवस मी अगदी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा नाश्ता हाणला. मधाचं अख्खं पोळं टांगलेलं असतं आणि त्यातून मध ठिबकत असतो, चीज किती प्रकारचं ते मोजायचं सोडून दिलं. पाचव्या दिवसापासून फक्त इडली आणि चहा. चहा म्हणजे काय, पाणी वेगळं, दूध वेगळं, साखर वेगळी, पिशवी वेगळी, सगळं आहे, चहा तेवढा नाही.

बेडवर सात उशा. त्यातल्या पाच रोज रात्री मी खाली ठेवतो आणि रोज संध्याकाळी येतो तर त्या परत जागेवर. माझं आणि त्या हाऊसकीपिंगच्या पोराचं हे मूक युद्ध सोळा दिवस चालू आहे.

आणि कळस परवा झाला. लॉन्ड्रीचं दरपत्रक बघून मला घाम फुटला (एका शर्टाला जेवढे लावतात तेवढ्यात इथे बाहेर दोन माणसं जेवतात), म्हणून बनियन वगैरे मी बाथटबमध्येच धुतो आणि शॉवरवर वाळत घालतो. त्यातला एक बनियन काखेत विरलेला, प्रवासात टाकून द्यायचा म्हणूनच आणलेला. संध्याकाळी आलो तर तो बनियन इस्त्री करून, टिश्यू पेपरात गुंडाळून, वर रिबन बांधून उशीवर ठेवलेला. भोकासकट. मला इतकी लाज वाटली की त्या पोराच्या समोर जायची सोय राहिली नाही.

आता मुद्दा. वरणभात पाहिजे. रूममध्ये स्वयंपाक करता येत नाही, रोज बाहेर खाऊन पोट बिघडलंय, फ्लॅट बघावा म्हटलं तर एचआर म्हणतं आधी एमिरेट्स आयडी (इथलं सरकारी ओळखपत्र) येऊ दे. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा, कसे काढले?

---

उगाच_एक | २० जून, सकाळी ७:०५

वा. फाईव्ह स्टारमध्ये राहून पोट बिघडलं म्हणून धागा. आमच्याकडे तीन दिवस पाणी नाही, त्यावर काढतो एक धागा संध्याकाळी.

(हलके घ्या. बनियनवर मात्र चहा सांडला.)

---

मेतकूट | २० जून, सकाळी ९:३०

नावाला जागून सांगते 😄 रूम सर्व्हिसला फोन करून नुसता साधा भात मागव, मेन्यूत नसला तरी देतात, लहान मुलाला पाहिजे म्हण हवं तर. नाश्त्याच्या वेळी एक दह्याची वाटी बाजूला घे. घरून मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं आणलं असशीलच, नसलं तर दातारांच्या अल अदिलमध्ये जा, बुर दुबईत आणि करामात आहे, आपला किराणा तिथे मिळतो. गरम भात, मेतकूट, तूप, मीठ. मी असे बावीस दिवस काढलेत सिंगापूरला.

दुसरं म्हणजे दडपे पोहे. गॅस लागतच नाही. पातळ पोहे, कांदा, लिंबू, ओलं खोबरं नसेल तर सुकं पाण्यात भिजवून. फोडणी मात्र घरून करून आणायची, तेल-मोहरी-हिंग-हळद-मिरची छोट्या बरणीत, महिनाभर काही होत नाही तिला.

किटलीत अंडी उकडू नकोस एवढी विनंती. सगळेच करतात, तरी नकोस.

---

मांडवीकाठी | २० जून, दुपारी १:१५

मी हॉटेल लाईनमधली, आधी गोव्यात आणि गेली काही वर्षं दोह्याला. वरच्या मेतकूटताईंना किटलीसाठी साष्टांग नमस्कार. लोकांनी किटलीत काय काय केलंय ते मी इथे लिहिलं तर तुम्ही कुठल्याच हॉटेलात परत चहा पिणार नाही. मॅगी तर काहीच नाही.

भडंगवाला, बनियनची लाज वाटून घेऊ नका. ज्याने तो घडी केला त्याने त्या दिवशी बारा-पंधरा खोल्या केल्या असतील आणि त्यात लोकांचं काय काय उचललं असेल, तुमचा धुतलेला बनियन त्याला प्रसादासारखा वाटला असणार. पण टिप देणार असाल तर उशीवर नुसती नोट ठेवू नका, बरोबर हॉटेलच्या कागदावर दोन शब्द लिहून ठेवा, हाऊसकीपिंगसाठी म्हणून. नाहीतर ती पोरं हात लावत नाहीत, चोरीचा आळ यायची भीती असते.

उशांचं युद्ध असं जिंकता येत नाही. ‘दोनच उशा’ असं फ्रंट डेस्कला एकदा सांगा, तुमच्या प्रोफाईलला नोंद पडते. त्याला प्रत्येक रूम ठरलेल्या फोटोप्रमाणे लावायची असते हो, सुपरवायझर तपासतो.

लॉन्ड्रीचं पण विचारा. पंधरा दिवसांच्या वर राहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी लाँग स्टे म्हणून सूट मिळते, पण आपणहून कोणी सांगायला येत नाही. आणि चेक-इनच्या वेळी तुमच्या कार्डवर रक्कम अडकवली असेल ती डेबिट किंवा फॉरेक्स कार्डवर असेल तर बदलून घ्या. चेक-आऊटनंतर ते पैसे मोकळे व्हायला कधीकधी आठवडे जातात आणि नेमके त्याच वेळी तुम्हाला घराचं डिपॉझिट भरायचं असतं.

---

भडंगवाला | २० जून, रात्री १०:२०

फॉरेक्स कार्डच दिलंय 🤦 उद्या बदलतो.

मिनीबारचं पण सांगून टाकतो म्हणजे एकदाच काय ते हसून घ्या. दुधाची पिशवी ठेवायला जागा नव्हती म्हणून मी त्यातल्या सगळ्या बाटल्या काढून कपाटात रचून ठेवल्या, हात लावला नाही एकीलाही. बाटली उचलली की आपोआप बिलात पडते अशी सिस्टीम आहे म्हणे आत. दोन दिवसांनी बिल बघितलं तर मी एका रात्रीत अकरा बाटल्या संपवल्या होत्या. आईशप्पथ, मी माळकरी माणसाचा नातू. मॅनेजरने कपाट उघडून बघितलं, मोजल्या, बिल काढून टाकलं, पण बघायचं ते बघितलंच त्याने माझ्याकडे.

---

नाईफचा_म्हातारा | २१ जून, सकाळी ६:१०

भडंगवाला, मी १९९४ ला दुबईत उतरलो. देऱ्यात, नाईफला, एका खोलीत आठ जण, वर-खाली पलंग. त्याला इथे बेडस्पेस म्हणतात, आजही म्हणतात. सुट्टी एकच, शुक्रवार, आता तुमची शनिवार-रविवार आहे ती २०२२ पासूनची. अंघोळीला नंबर लावायचा आणि आपल्या नंबरला पाणी उकळतं यायचं, कारण टाकी गच्चीत, उन्हात. पत्ता म्हणजे पीओ बॉक्स, घरी पोस्टमन येत नाही. आईचं पत्र ऑफिसच्या पेटीत पडायचं आणि आधी मंदूबच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाच्या, हाती लागायचं.

पण तुझं रडगाणं वाचून मला राग नाही आला, उलट कीव आली म्हण. आमच्या खोलीत आठ जण होते पण डाळ शिजत होती. गुरुवारी रात्री एक रत्नागिरीचा, एक हैदराबादचा, दोघं मिळून स्वयंपाक करायचे आणि आम्ही बाकीचे भांडी घासायचो. तू सत्ताविसाव्या मजल्यावर एकटा सात उशा मोजत बसलायस.

एक काम कर. ऑफिस सुटलं की सरळ हॉटेलवर जाऊ नकोस. मेट्रोने बुरजुमानला उतर, मीना बाजारातून चालत खाडीवर जा, एक दिरहम देऊन अब्रा (खाडी ओलांडणारी होडी) पकड, पलीकडे देऱ्यात उतर. शर्टाची इस्त्री करामातल्या एखाद्या लॉन्ड्रीत टाक. आणि फ्लॅट बघायचा असेल तर मोबाईलवर नुसतं बोट फिरवत बसू नकोस, संध्याकाळी त्या भागात चाल, बिल्डिंगच्या वॉचमनशी बोल. कुठल्या बिल्डिंगीत एसीचं बिल मालक भरतो, कुठल्या बिल्डिंगीत लिफ्ट कायम बंद, ते त्याला विचार. आणि आधी हे विचार की बिल्डिंग ‘फॅमिली ओन्ली’ आहे का, नाहीतर बायको येईपर्यंत तुला दारातही उभा करणार नाहीत.

---

राईनवरचा_सदाशिव | २१ जून, दुपारी ४:००

इकडची गोष्ट सांगतो, फ्रँकफर्टची. मलाही कंपनीने झकास हॉटेल दिलं होतं पण जर्मनीत घराचा पत्ता नोंदवल्याशिवाय माणूस कागदावर जन्मालाच येत नाही. आनमेल्डुंग म्हणतात त्याला, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि हॉटेलवाला कशाला देतोय ते. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, टॅक्स नंबर नाही म्हणून पहिला पगार सहाव्या टॅक्स क्लासमध्ये कापून आला. तो म्हणजे सगळ्यात जास्त कापणारा. नंतर हिशोबात मिळतात परत, पण तेव्हा ती पगाराची चिठ्ठी बघून मी आधी एचआरला फोन केला आणि मग बायकोला, सामान अजून बांधू नकोस म्हणून.

त्यात ऑक्टोबर, पुस्तकांचा मोठा मेळा, सगळ्या हॉटेलांचे दर गगनाला. कंपनीचं लिमिट त्याच्या खाली. पाच रात्री मला गावाबाहेर एका लॉजवर हलवलं.

आणि खरी मजा पुढे. हॉटेलात किचन नाही म्हणून दीड महिना कळ काढली, शेवटी फ्लॅट मिळाला, किल्ली घेतली, दार उघडलं, तर किचनच्या जागी चार भिंती आणि भिंतीतून बाहेर आलेले दोन पाईप. इकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये आधीचा भाडेकरू किचन उचकटून घेऊन जातो, ओटा, सिंक, शेगडी सगळं! करारात लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे बाथरूममध्ये इंडक्शन ठेवून खिचडी केली.

---

मेतकूट | २१ जून, दुपारी ४:२०

बाथरूममध्ये खिचडी 😭😭

---

आईच्या_गावात | २२ जून, सकाळी ११:४५

पुरुषमंडळी सगळी एकटी राहिलेली दिसतात. आता माझं ऐका. नवऱ्याची बदली दुबईलाच, हॉटेलात आम्ही तिघं, मुलगा चार वर्षांचा, एक खोली, बेचाळीस दिवस. नवरा सकाळी साडेसातला जाणार. बाहेर पंचेचाळीस डिग्री, त्यामुळे बाहेर म्हणजे मॉल. मॉलमध्ये रोज जाऊन जाऊन तिथला सिक्युरिटीवाला माझ्या मुलाला नावाने हाक मारायला लागला होता.

दुपारी तो झोपला की मी बाथरूममध्ये जाऊन आईला फोन करायचे, बाहेर बोललं की उठायचा. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी बाथरूममध्ये टबच्या काठावर बसून मी आईला सांगायचे की छान आहे गं सगळं, आणि नळ सोडून ठेवायचे, म्हणजे आवाजातलं तिला कळू नये. आईला कळायचंच. ती विचारायची, नळ कशाला चालू ठेवलायस?

फ्लॅटमध्ये आल्यावर महिनाभर पोरगा जेवण झालं की ताट उचलून फ्लॅटच्या दाराबाहेर नेऊन ठेवायचा. शेजारच्या पाकिस्तानी काकूंनी दोनदा घासून परत आणून दिलं, तिसऱ्यांदा त्यात खीर घालून. ती आमची तिथली पहिली ओळख.

भडंगवाला, तुम्हाला एक व्यवहाराचं सांगते. एचआरशी बोला. दुबईत हॉटेल अपार्टमेंट हा वेगळाच प्रकार असतो, किचन, वॉशिंग मशीन सगळं आत, मानखूल भागात आणि बर्शाला भरपूर आहेत. कंपनीला म्हणा उरलेले दिवस तिकडे हलवा. त्यांचे पैसे वाचतात, तुमचं पोट. आम्हाला हे एकतिसाव्या दिवशी कळलं आणि तेव्हा एचआरवाली म्हणाली, ‘तुम्ही विचारलंच नाहीत!’

---

भडंगवाला | २२ जून, रात्री ११:५५

ताई, नळाचं वाचून थांबलो जरा.

एचआरला विचारलं, उरलेले दहा-अकरा दिवस आगाऊ भरलेत, बदलता येत नाही म्हणाले. असू दे. कार्डचं केलं, उशा दोन झाल्या. त्या पोराला भेटलो, नेपाळचा आहे, पोखराचा, मी थँक्यू म्हटलं तर म्हणाला सर, ते बनियन टेलरकडे पाठवू का.

आज काकांचं ऐकून अब्रात बसलो. एक दिरहममध्ये एवढा वारा! देऱ्यात उतरून एका उडप्याकडे जेवलो, आमटी नव्हती पण सांबार भातावर ओतून डोळे मिटले.

अजून एक सांगायचं होतं. माझ्या खिडकीच्या समोर टॉवर चढतोय. १५ जूनपासून साडेबाराला क्रेन थांबते, उन्हाचा नियम आहे, तीन वाजेपर्यंत उघड्यावर काम बंद, १५ सप्टेंबरपर्यंत. परवा सुट्टीच्या दिवशी वरून बघत होतो, सगळे सावलीच्या एका पट्टीत ओळीने आडवे झाले आणि सावली सरकली की झोपेतच सरकायचे. संध्याकाळी बस येते. वॉचमनला विचारलं कुठे जाते, म्हणाला सोनापूर.

---

नाईफचा_म्हातारा | २३ जून, सकाळी ६:००

मी मूळचा गिरगावातला. आमच्याकडे सोनापूर म्हणजे मसणवट. म्हातारं माणूस जास्त दिवस अंथरुणाला खिळलं की बायका म्हणायच्या, आता सोनापूरलाच सुटका. इथे आल्यावर एक बिहारी सुतार पहिल्यांदा हसत हसत म्हणाला, ‘मैं सोनापूर में रहता हूँ’, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इथे ते कामगारांच्या कॅम्पांचं नाव आहे, नकाशावर मुहैस्ना लिहितात.

---

उगाच_एक | २३ जून, सकाळी ८:१५

काका __/\__

भडंगवाला, पहिल्या दिवशीची माझी खोडी मागे घेतो. हॉटेलचं नाव सांगा की पण, इथल्या कुणाला उपयोग होईल.

---

भडंगवाला | २७ जून, रात्री ९:३०

नाव नाही सांगणार, कारण ऐका. परवा नाश्त्याला आईशी फोनवर बोलत होतो, तर ऑम्लेटच्या काउंटरमागचा पोरगा हळूच म्हणाला, ‘सांगलीकडचे काय?’ सावंतवाडीचा निघाला. त्याला म्हटलं, बाबा, वरणभात कुठे मिळतो ते सांग. काही बोलला नाही. रात्री साडेनऊला दारावर टकटक, हा उभा, हातात झाकलेला वाडगा. स्टाफच्या जेवणातलं वरण आणि उकडा भात. म्हणाला, कोणाला सांगू नका, नोकरी जाईल.

सात उशांच्या त्या खोलीत खाली गालिच्यावर मांडी घालून जेवलो, वाडगा घासून बाथटबमध्ये उपडा ठेवला. आता कळलं का नाव का नाही ते?

---

मांडवीकाठी | २७ जून, रात्री १०:०५

बरं केलंत. खरंच जाते नोकरी.

---

भडंगवाला | १२ जुलै, रात्री ८:००

अपडेट. आयडी आला, मग बँक खातं, मग चेकबुक यायला आठवडा, कारण इथे भाडं चेकने, वर्षाचे सगळे चेक आधीच लिहून द्यायचे. माझे चार झाले, कमी चेक दिले की भाडं कमी करतात, पण तेवढे पैसे कोणाकडे आहेत. या गडबडीत हॉटेलचे तीन दिवस वाढले, ते स्वतःच्या खिशातून. रेट वाचून फसू नका, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ७ टक्के म्युनिसिपालिटी आणि ५ टक्के व्हॅट. शिवाय टुरिझम दिरहम म्हणून रात्रीला २०, फाईव्ह स्टारला. कंपनीने फक्त खोलीचं भाडं भरलं होतं, त्या तीस रात्रींचे ६०० दिरहम चेक-आऊटला माझ्या पुढ्यात. ऑफर लेटरमध्ये ‘अकोमोडेशन’ एवढाच शब्द, त्यात काय काय येतं हे आधी ईमेलवर विचारून घ्या.

घर नाहदात घेतलंय, शारजाच्या सीमेवर पण दुबईच्या हद्दीत, मेट्रो युनियन स्टेशनला बदलावी लागते. एजंटचे पाच टक्के, डिपॉझिट पाच टक्के, देवाचे दोन हजार (देव म्हणजे डेवा, वीज-पाणी, मी देवच म्हणतो), शिवाय इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी. बिल्डिंग फॅमिलीची आहे, बायको-पोरगी ऑगस्टात येणार हे वॉचमनला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा फोटो दाखवला.

निघताना पोखराच्या पोराने टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी दिलं. बनियन. भोक शिवलेलं.

---

मेतकूट | १२ जुलै, रात्री ८:३०

ते बनियन आता फेकू नकोस हं.

अवांतर पण महत्त्वाचं: बायको येताना खसखस आणू देऊ नकोस, यूएईत बंदी आहे. अनारसे पण नकोत, ते खसखशीवरच थापलेले असतात. घरचा गरम मसाला असेल तर त्यात काय काय घातलंय ते सासूबाईंना विचारून मग.

---

नवीन_पाखरू | १४ जुलै, दुपारी २:२०

सगळा धागा एका दमात वाचला. मी १ तारखेला दोह्याला जातोय, कंपनीने हॉटेल दिलंय, नाव गुगल केलं तर गच्चीवर स्विमिंग पूल आहे. एकच प्रश्न, तीन लिटरचा कुकर घेतलाय, तो चेक-इनमध्ये टाकू की केबिनमध्ये?

---

भडंगवाला | १४ जुलै, दुपारी ३:०५

चेक-इन. आत मोजे आणि डाळ भर म्हणजे जागा फुकट जात नाही. आणि झाकणाच्या रिंगा दोन जास्तीच्या घे.